उजवीकडचा टीव्ही

“आता इथं बगा, अक्षतांकडं,” असे म्हणून अंगदने दोन हातांतले दोन रिमोट एकदम दाबले.

भिंतीवरच्या दोन टीव्हींवर एकाच लग्नातला एकच क्षण थबकला. डावीकडे साधी डीव्हीडी होती, उजवीकडे एचडीची ब्लू-रे. डावीकडच्या नवरा-नवरीवर कुणी पिठाची चाळणी झाडावी तसा पांढरा धुरळा उतरत होता. उजवीकडे धुरळा नव्हताच. तिथे अक्षता होत्या, एकेक दाणा सुटा, कुंकवाने तांबडा झालेला, हवेत जागच्या जागी थांबलेला. बाकावर बसलेले साहेबराव पुढे सरकले आणि त्यांनी मान हलवली. ही मान अंगदच्या ओळखीची होती. ती हलली की एचडीचे काम पक्के समजायचे.

साहेबराव फुलंब्री रस्त्याचे. दुष्काळाने त्यांची विहीर आटवली होती, पण त्याच विहिरीभोवती बिल्डरने प्लॉट पाडले होते, त्यामुळे गळ्यात जाड गोफ होता आणि पोरीचे लग्न शहरातल्या मंगल कार्यालयात ठरले होते. गावात लग्न करायचे तर वऱ्हाडाला प्यायला पाणी कुठून आणायचे, हा त्या सालचा सगळ्यांचाच प्रश्न होता. शूटिंग ठरवायला ते बायको वच्छलाबाई आणि मुलगी प्रेरणा यांना घेऊन आले होते. नवरी प्रेरणाच होती. ती दोघांच्या मध्ये बसली होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हते.

“शालूची जर बगा. मुंडावळ्यांचा मणी बगा, पायजे तर मोजून घ्या,” अंगदचे चालले होते. “साध्या सीडीत हे कायबी येत नाय.”

“पोरगी गोड हाय,” वच्छलाबाई म्हणाल्या. “कुणाची हो?”

“हाय एक गिऱ्हाईक,” अंगद म्हणाला.

पोरगी त्याची होती. ज्ञानेश्वरी, एकुलती एक. बापाने पोरीचे लग्न एकदाच लावायचे असते, अंगद ते गेले वर्षभर दिवसातून वीस-वीस वेळा लावत होता. सकाळी दुकान उघडले की पहिले मंगलाष्टक, शटर पडताना शेवटचे. आणि गेले तीन महिने तर अशी गत होती, की दिवसभर जिचे लग्न लावायचे तीच संध्याकाळी घरी दार उघडायला समोर यायची.

इंद्रजीतचे हे दुकान टीव्ही सेंटर नावाच्या चौकात होते. टीव्ही सेंटरलाच टीव्हीचा खेळ, असा विनोद इथे येणारा प्रत्येक जण आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा करायचा आणि अंगद तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. दुकान इंद्रजीतच्या वडिलांनी फोटो स्टुडिओ म्हणून थाटले होते. अंगद तेव्हा घरची मेंढरे विकून शहरात आलेला जवान गडी. लग्नांमध्ये हॅलोजनचा दिवा उंच धरून उभे राहणे हे त्याचे काम. दुसऱ्यांच्या पोरीबाळींच्या तोंडावर उजेड पाडण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली. पुढे खांदा आखडला, हात वर जाईना, तेव्हा म्हाताऱ्या शेठने त्याला काढून टाकले नाही, दुकानात बसवले. हे उपकार अंगद विसरत नसे आणि शेठच्या मागे इंद्रजीत ते विसरू देत नसे.

गेल्या साली इंद्रजीतने एचडीचे कॅमेरे आणले. लोक विचारायचे, साध्यात आणि ह्यात असा काय फरक? इंद्रजीत म्हणाला, हातच्या कांकणाला आरसा कशाला, दोन टीव्ही शेजारी-शेजारी लावू, लोक आपल्या डोळ्यांनी बघतील. पण त्यासाठी एकच लग्न एकाच जागेवरून दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपायला हवे होते. मांडवाच्या तोंडाशी दोन-दोन स्टँड रोवून पाहुण्यांची वाट अडवायला कोणता बाप तयार होणार? अंगदच्या पोरीची तारीख निघालेली होती. सगळे शूटिंग फुकट, अल्बम फुकट, दोन्ही तऱ्हेच्या डिस्क घरी फुकट. बदल्यात ते लग्न दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायचे. फुकट ते पौष्टिक म्हणतात. अंगदने घरी न विचारता होकार देऊन टाकला.

शूटिंग झाले, दोन टीव्ही लागले. इंद्रजीतने डाव्या टीव्हीचा रंग आणखी थोडा उतरवून ठेवला. एवढी लबाडी धंद्यात चालते, असे तो म्हणाला, आणि अंगदलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

घरी मात्र त्या एचडीने फजितीच केली. डिस्क आल्या त्या दिवशी अंगदच्या बायकोने, आशाबाईने, हर्सूलच्या त्यांच्या गल्लीतल्या बायका बोलावल्या, शेंगदाण्याचे लाडू केले आणि मोठ्या हौसेने निळ्या डबीतली एचडीची डिस्क लावली. प्लेअरने ती गिळली, थोडी खरखर केली आणि आत डिस्कच नाही असे टीव्हीवर लिहून दाखवले. बाहेर काढून पदराने पुसली. एकीने फुंकर मारली, दुसरीने पाण्याचा हात लावला. डिस्क नाहीच. संध्याकाळी अंगद आल्यावर उलगडा झाला, की हिला प्लेअर वेगळा लागतो आणि टीव्हीही चपटा लागतो. म्हणजे घोडा दिला आणि लगाम दुकानात ठेवला, असे आशाबाई म्हणाली आणि डबी लोखंडी कपाटात टाकून दिली. मग साधी डिस्क लावली. जुन्या डब्यासारख्या टीव्हीवर सगळे वऱ्हाड हिरवट दिसत होते आणि अक्षतांच्या वेळी तर नवरा कुठला, नवरी कुठली, हेही कळत नव्हते. तरी बायका म्हणाल्या, लगीन झ्याक झालं.

आशाबाईने पाहिलेले लेकीचे लग्न ते तेवढेच. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईने बघायचे नसते, अशी त्यांच्याकडे चाल. त्या वेळी ती कार्यालयाच्या मागच्या खोलीत, भांड्यांच्या ढिगाकडे तोंड करून, कान बाहेर लावून बसली होती.

नवरा रामप्रसाद अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूरचा. लेण्यांवर येणाऱ्या पर्यटकांना तो रंगीत दगड आणि गारगोट्या विकायचा. स्थळ आशाबाईच्या धाकट्या भावाने, कडुबाने आणलेले. घर चांगले, धंदा चांगला, पोरगा चार भाषा फाडफाड बोलणारा. फक्त बायकोशी तो एकाही भाषेत बोलत नव्हता. ज्ञानेश्वरी संक्रांतीला माहेरी आली ती राहिली. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, “बोलत नाय.” भांडण झाले का? नाही. मारतो का? नाही. पितो का? नाही. बाहेर काही आहे का? माहीत नाही. जेवायला वाढले की जेवतो, दिवा मालवला की भिंतीकडे तोंड करून झोपतो. लग्न झाल्यापासून एक शब्द नाही. तिने पाणी देताना मुद्दाम तांब्या हातातून सोडून पाहिला, तरी तो फक्त बाजूला सरकला.

आता हे गाऱ्हाणे कुणापुढे मांडायचे? अंगावर वळ असता तर दाखवता आला असता. गल्लीतल्या बायका तर म्हणाल्या, बाई, आमचे बोलतात तेच पुरे झाले, तुझ्या पोरीला सुख टोचतंय. आशाबाईचा लेकीवर अर्धा विश्वास होता आणि उरलेल्या अर्ध्यात लोक होते. अंगद म्हणायचा, नवीन आहेत, जुळेल हळूहळू. असे म्हटले की त्याला स्वतःला जरा बरे वाटायचे.

दुकानात मात्र त्याला बरे वाटेना. लेक घरी बसलेली आणि आपण तिच्या शालूची जर लोकांना दाखवतोय, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हते. एकदा त्याने धीर करून इंद्रजीतला म्हटले, ती डिस्क आता बदलता आली तर बघा. इंद्रजीत काही वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला आणि समजावून सांगितले, की काका, दोन्ही कॅमेऱ्यांनी एका जागेवरून घेतलेले आपल्याकडे हेच एक लग्न आहे, आणि ह्या दुष्काळात परत एवढा खटाटोप कोण करतो? दिवाळीनंतर बघू. शिवाय बोली तर बोली, ते शूटिंग दुकानाचे आहे. अंगदने चहा पिऊन टाकला आणि पुन्हा रिमोट हातात घेतले.

त्यातच कडुबाचा निरोप आला होता. रविवारी येतो, पोरीला फर्दापूरला घालून येतो, तिची तयारी करून ठेवा. लग्नसराईत लोक विचारतात, मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. अंगद बरे म्हणाला. आशाबाईही बरे म्हणाली. ज्ञानेश्वरीला कुणी विचारले नाही.

तर तो हा शनिवार होता, आणि साहेबरावांची मान हललेली होती. अंगदने दोन्ही रिमोट पुन्हा दाबले. अक्षता खाली पडल्या, अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री वाजू लागली.

“आता नजर बगा नवरीची. कशी सरळ कॅमेऱ्यात बघती,” तो नेहमीच्या लयीत म्हणाला. “साध्यात डोळे नुसते काळे ठिपके दिसतेत. ह्याच्यात जित्ती नजर येती.”

“ते परत लावा.”

आवाज पाठीमागून, दाराच्या पडद्याशेजारून आला होता. खोलीत टीव्ही उठून दिसावेत म्हणून अंधार ठेवलेला असे, त्यामुळे कोण आहे ते आधी दिसले नाही. पण हा आवाज ओळखायला उजेडाची गरज नव्हती. आशाबाई होती. वर्षभरात ती ह्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती.

“तू इथं कशी?” अंगदने विचारले.

तिने धापा टाकतच सांगितले, की कडुबा आजच आला, उद्या त्याला कुठेसे लग्न आहे. दुपारच्या गाडीने पोरीला घेऊन जायचे म्हणतोय. फोन केला तर लागत नव्हता. दुकानात फोन बंद करून गल्ल्यात ठेवायचा नियम होता. ती शेअर रिक्षाने आली होती. हे सगळे सांगताना तिने एकदाही अंगदकडे पाहिले नाही. तिचे डोळे उजवीकडच्या टीव्हीवर होते.

“परत लावा म्हनलं ना ते.”

साहेबरावांना वाटले हीही कुणी गिऱ्हाईक. ते बाकावर सरकून जागा करून देऊ लागले, पण ती बसली नाही. अंगदने डिस्क मागे नेली. पुन्हा शेवटचे मंगलाष्टक, पुन्हा अक्षतांचा पाऊस. सवयीने त्याचा अंगठा रिमोटवर दाबला गेला आणि दाणे हवेत थांबले.

“तांदूळ नगा दावू,” आशाबाई म्हणाली. “मान्सं बघू द्या.”

त्याने अंगठा उचलला. अंतरपाट सरकला. ज्ञानेश्वरीने मान वर करून रामप्रसादकडे पाहिले. आता हे अंगदने हजारदा पाहिले होते, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोरून हजारदा गेले होते. रामप्रसाद तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या डोक्यावरून पलीकडे, कार्यालयाच्या दाराकडे बघत होता, आणि त्याच्या जबड्याची शीर ताठ झालेली होती. भटजीने काही सांगितले तेव्हा त्याने हातातला हार तिच्या गळ्यात घातला, खुंटीला पिशवी अडकवावी तसा. ज्ञानेश्वरी तशीच बघत राहिली. वाट बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी समजल्यासारखे झाले आणि तिने मान वळवून समोर पाहिले, सरळ, डोळे मोठे करून. खालचा ओठ दातांत धरला होता. डावीकडच्या टीव्हीवर ह्याच वेळी दोन गुलाबी डाग आणि एक पिवळा डाग हलत होते आणि लग्न झ्याक चालले होते.

“अजून येकदा,” आशाबाई म्हणाली.

अंगदने पुन्हा लावले. वच्छलाबाईंचा हात गळ्यातल्या मण्यांवर गेला होता.

“ह्यो तिच्याकडं बघंना,” आशाबाई म्हणाली. “आन् ती कुणाकडं बघायली?”

उत्तर अंगदला माहीत होते. साऱ्या दुनियेत त्याला एकट्यालाच माहीत होते. त्या वेळी तो कॅमेऱ्याला खेटून उभा होता. पहिल्यांदाच एचडी लागले होते, अक्षता नीट येतात की नाही ह्याची इंद्रजीतला धास्ती आणि इंद्रजीतपेक्षा त्याला जास्त. ती कॅमेऱ्यात बघतच नव्हती.

“माझ्याकडं,” तो म्हणाला.

“मंग?”

“म्या शूटिंग बघत व्हतो. त्या बारक्या पडद्यात.”

आशाबाईने इतक्या वेळाने प्रथमच त्याच्याकडे पाहिले. “तुमच्या बापाला कळपातलं कोणतं मेंढरू दुखतंय ते लांबून कळायचं,” ती म्हणाली. “आन् तुमी हे रोज बघता.”

ती एवढेच बोलली आणि तिने पदर तोंडाला लावला. अंगदला वाटले की आपल्याला भर बाजारात कुणी उघडे केले आहे, आणि ते बरोबरच केले आहे. त्याने दोन्ही रिमोट बाकावर ठेवले. साहेबराव घसा खाकरून म्हणाले, की मग आपली एचडीच पक्की करू. त्यांना ह्या बाईचा आणि लग्नाचा संबंध अजून लागला नव्हता. वच्छलाबाईंना लागला होता.

“आमाला साधीच करा,” त्या म्हणाल्या. “येवढं दिसायला नको.”

प्रेरणाने मान वळवून आईकडे पाहिले. वच्छलाबाई उठून पडद्याबाहेर गेल्या होत्या.

काउंटरवरून इंद्रजीतने अंगदला हाक मारली, पण तो थांबला नाही. दोघे चौकातून रिक्षात बसले. हर्सूलच्या तलावाशेजारून जाताना अंगदने काही बोलायचे म्हणून, गाडी किती वाजता आहे, असे विचारले. आशाबाई म्हणाली, गाडीचे काय करायचे ते तुम्ही घरी गेल्यावर सांगा, मी सांगणार नाही. स्थळ माझ्या भावाने आणले, मी बोलले तर माहेर तुटेल. पण तुम्ही बोललात तर मी तुमच्या मागे उभी आहे.

घरी कडुबा खुर्चीवर बसून वारा घेत होता. दारात पिशवी भरून ठेवलेली, आणि पिशवीशेजारी ज्ञानेश्वरी नेसून, केस घट्ट विंचरून बसली होती. आज टँकर आला होता, म्हणून जायच्या आधी तिने घरातली सगळी भांडी भरून ठेवली होती. हातातल्या हिरव्या बांगड्या अजून ओल्या होत्या. परक्याच्या घरी पाहुणी निघावी तशी ती बसली होती, आणि ते तिचे स्वतःचे घर होते.

“चला दाजी, बरं झालं आले,” कडुबा म्हणाला. “पावनेतीनची गाडी हाय.”

“कडुबा, पोरगी येनार नाय.”

कडुबाने आधी बहिणीकडे पाहिले. ती दारात उभी होती, आत आली नव्हती. मग त्याने अंगदला विचारले, की आता नवीन काय निघाले? काही कळले का, काही सापडले का?

“तो तिच्याकडं बघत नाय.”

“आवं दाजी,” कडुबा हसला, “बघत नाय म्हनून कुनी नांदती पोरगी घरी ठिवतं का?”

“म्या ठिवतो.”

मग कडुबा पुष्कळ बोलला. भावकी काय म्हणेल, आपल्यात हे कधी झाले आहे का, पोरीचे वय काय, तुम्ही दोघे किती दिवसांचे, उद्या तिला कोण बघणार. त्यातले एकही खोटे नव्हते. लोकांना मी कारण काय सांगू, ह्यावर तर तो तीनदा आला. अंगद खाली मान घालून ऐकत राहिला. कडुबाला दर खेपेला वाटायचे की आता दाजी वाकले, आणि दर खेपेला अंगद तेच वाक्य पुन्हा म्हणायचा, की पोरगी येणार नाही. शेवटी कडुबा उठला. बहिणीने पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्याने घेतला नाही. दुष्काळात भरल्या तांब्याला नको म्हणून गेलेला माणूस लवकर परत येत नाही, हे आशाबाईला कळत होते. ती तांब्या हातात धरून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली.

ज्ञानेश्वरी जागची हलली नव्हती. अंगद तिच्यासमोर भुईवर बसला. खांदा दुखत होता, त्याला हात कुठे ठेवावा ते सुचेना.

“मला दिसलं नाय, ज्ञानू,” तो म्हणाला. “मांडवात. म्या तिथंच व्हतो.”

ती रडेल असे त्याला वाटले. ती रडली नाही. पिशवीचा बंद तिने एकदा घट्ट केला, मग सैल केला.

“तुमी त्या मशिनीत बघत व्हता, आबा,” ती म्हणाली. “मला वाटलं, आता मान वर कराल.”

ती उठली, पिशवी आत घेऊन गेली आणि कपाट उघडून एकेक कपडा परत ठेवू लागली. अंगद तिथेच बसून राहिला.

रविवारी लग्नसराईमुळे दुकान चालू होते. तो गेला तेव्हा इंद्रजीत तापलेला होता. हाताशी आलेले एचडीचे काम साध्यावर गेले, आणि तेही घरच्या माणसामुळे. अंगदने सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाला, की ती डिस्क काढा, मी दुसरे काहीही काम करतो, झाडू मारतो. इंद्रजीत म्हणाला, “काका, डिस्क निघणार नाही. तुम्हाला जमत नसेल तर उद्यापासून राहू द्या.” रागातच म्हणाला, पण म्हणाला.

आधी कधी असे ऐकावे लागले असते, तर अंगदने कदाचित रिमोट ठेवले असते आणि मिळेल त्या पगारावर एखाद्या कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला असता. पण कालच त्याने लेकीला घरी ठेवून घेतले होते. आता तिचे आयुष्य ह्या पगारावर होते. जिला सोडवले तिच्याचसाठी आता इथे अडकून राहायचे, हे गणित त्याच्या ध्यानात आले तेव्हा त्याला हसूही आले नाही. तो पडदा सारून आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला आणि दोन्ही टीव्ही चालू केले.

पहिले गिऱ्हाईक लवकरच आले, कुठल्याशा नवीन सोसायटीतले बाप-लेक. त्यांनी विचारले, दोन्हींत फरक काय? अंगदने अक्षतांपाशी डिस्क थांबवली नाही. शालूची जर दाखवली नाही, मणी दाखवला नाही. अंतरपाट सरला, रामप्रसादने दाराकडे पाहिले, हार घातला गेला. मग ज्ञानेश्वरीने समोर पाहिले. बापाने पुन्हा विचारले, अहो, फरक काय म्हणालात? पोरीची नजर खाली जाईपर्यंत अंगद तिच्याकडे बघत राहिला, आणि मगच त्यांच्याकडे वळून म्हणाला, “काय इचारलं तुमी?”

दुपारी दुकानातले सगळे समोरच्या टपरीवर चहाला निघाले. इंद्रजीतचाही राग निवला होता, त्याने पडद्याबाहेरून हाक मारली, की चला काका, डेमो चालू राहू द्या, पाच मिनिटांत कोण येतंय. अंगद म्हणाला, तुम्ही व्हा पुढे.

शटरजवळचे आवाज रस्त्यापलीकडे गेले. उजवीकडच्या टीव्हीवर दोन माणसे पुन्हा अंतरपाट धरून उभी राहत होती. अंगदने बाक पुढे ओढला आणि मान वर करून बसला.